अमावास्येचा चौकोन

"हे काय आहे, नलिनी?" बर्वे सरांनी पेन्सिलीचं टोक यादीतल्या एकोणिसाव्या ओळीवर टेकवलं.

मी वाचलं. 'मुख्य स्क्रीनवर पुढच्या आठ दिवसांची पट्टी. अमावास्येचा चौकोन काळा.'

"अमावास्या आहे, सर."

"ते मलाही वाचता येतं. ती आपल्या सॉफ्टवेअरमध्ये काय करतेय?"

"अण्णांनी मागितली होती."

"कधी?"

"शहाण्णव साली."

सरांनी ओळीपुढे प्रश्नचिन्ह काढलं आणि चहा मागवला. सरांनी प्रश्नचिन्ह काढून चहा मागवला की ती गोष्ट वाचत नाही, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं.

आम्ही सगळे म्हणजे चार जण. नाशिकला कॅनडा कॉर्नरजवळ एका झेरॉक्सच्या दुकानावर दोन खोल्यांत आमचं ऑफिस होतं. बर्वे सरांनी ओझरच्या कारखान्यात स्टोअर्स खात्यात बावीस वर्षं काढली होती. तिथून ते एक सवय घेऊन आले होते: जी वस्तू कोणी मागायला येत नाही ती कपाटात ठेवायची नाही. ही सवय त्यांनी घरीही लावून पाहिली, पण तिथे बर्वेकाकूंपुढे चालली नाही. मग सगळा जोर ऑफिसात लागायचा.

आमचं गिऱ्हाईक म्हणजे जिल्ह्यातले कांदा व्यापारी. व्यापारी बाजार समितीत लिलावात कांदा घेतो. तो आपल्या खळ्यावर आणतो. खळं म्हणजे मोठं पटांगण आणि त्यावर शेड. तिथे कांदा निवडतात, गोण्या भरतात, शिवतात आणि ट्रकमध्ये चढवतात. कुठला ट्रक, किती गोण्या, कुठे निघाला, ड्रायव्हर कोण, हे सगळं आमचं सॉफ्टवेअर लिहून ठेवायचं आणि पावती छापायचं. काम एवढंच. पण सुरुवातीला लोक ते बघायला गर्दी करायचे.

सगळं डॉसवर होतं. डॉस म्हणजे माउसच्या आधीचा काळ. निळी स्क्रीन, पांढरी अक्षरं, सगळा कारभार कीबोर्डवर. दोन हजार दोनच्या दिवाळीनंतर सरांनी ठरवलं की आता विंडोजवर जायचं. म्हणजे प्रत्येक स्क्रीन नव्याने लिहायची. नव्याने लिहायचीच आहे तर नको असलेलं सामान आधी बाहेर काढू, म्हणून ही यादी. यादीत त्रेचाळीस ओळी होत्या. प्रत्येकीपुढे तीन रकाने: कोण वापरतं, किती वेळा वापरतं, सांभाळायला त्रास किती.

अमावास्येच्या ओळीत पहिले दोन रकाने कोरे होते. तिसऱ्यात सरांनी मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'बराच'.

ते खोटं नव्हतं. त्रास होताच, आणि तो सगळा माझ्या गळ्यात होता.

ही सोय कशी आली ते सांगते. अण्णा हे आमचे पहिले गिऱ्हाईक. देवळ्याचे व्यापारी. आडव्या बांध्याचे, मोठ्या आवाजाचे, नवीन वस्तूची भारी हौस. आमचं सॉफ्टवेअर बसवलं त्या आठवड्यात त्यांनी अर्ध्या गावाला कॉम्प्युटर दाखवला आणि प्रत्येकाला एकच वाक्य ऐकवलं, "हा कधीच चुकत नाही!" आणि त्याच महिन्यात त्यांनी सहा ट्रक मागवून ठेवले नेमके अमावास्येला. आमच्याकडे अमावास्येला लिलाव बंद असतो, फार जुनी रीत आहे. सहा ड्रायव्हर, सहा क्लीनर दिवसभर खळ्यावर झोपले आणि दोन्ही वेळा अण्णांकडे जेवले. अण्णांनी ते मनाला लावून घेतलं.

"मॅडम, एवढं हुशार मशीन, आणि त्याला आमोशा कळत नाही?"

मला ते लागलं. तेव्हा मी तिशीत होते आणि मशीनला कोणी नावं ठेवली की मला स्वतःला ठेवल्यासारखं वाटायचं. वीस मिनिटांत पट्टी तयार झाली. आज धरून पुढचे आठ दिवस एका ओळीत. अमावास्येच्या तारखेचा चौकोन काळा. अण्णा इतके खूश झाले की त्यांनी मला दहा किलो कांदे दिले. मी ते एस.टी.तून मांडीवर घेऊन आले.

वीस मिनिटांचं काम पुढे सात वर्षं पुरलं. पहिल्या वर्षी मी शहाणपणा करून अमावास्या काढायचं गणितच प्रोग्रॅममध्ये घातलं. गणित बरोबर होतं. पण अमावास्या दुपारी लागून दुसऱ्या दिवशी दुपारी संपली, तर लिलाव नेमका कोणत्या दिवशी बंद, हे गणिताला कळत नाही. ते समिती ठरवते. त्या वर्षी माझा चौकोन मंगळवारी काळा झाला आणि समिती बुधवारी बंद राहिली. अण्णांनी ड्रायव्हरांना सांगितलं की कॉम्प्युटर बरोबर आहे, समिती चुकली. त्यांची माझ्यावर एवढी श्रद्धा पाहून मीच ओशाळले.

तेव्हापासून मी गणित सोडलं. दर वर्षी डिसेंबरात पंचांग घेऊन बसायचं, बारा तारखा काढायच्या, अधिक महिना असेल तर तेरा. जिथे दोन दिवसांचा घोळ असेल तिथे समितीच्या ऑफिसात फोन करायचा. तिथले क्लार्क म्हणायचे, "अजून ठरलं नाही, पुढल्या आठवड्यात करा." मग फ्लॉपीत तारखा भरायच्या आणि नऊ गिऱ्हाइकांना नऊ फ्लॉप्या पाठवायच्या. त्यातल्या दोन तरी वाचल्या जायच्या नाहीत. एकदा एका फ्लॉपी ड्राइव्हमधून मी कांद्याचं अख्खं टरफल चिमट्याने बाहेर काढलं. ते आमच्या ऑफिसात बरेच दिवस काचेखाली ठेवलेलं होतं.

तर सरांचं प्रश्नचिन्ह मला अन्यायाचं वाटलं नाही. खरं सांगायचं तर सुटल्यासारखं वाटलं.

तरी पद्धत म्हणून मी नऊही गिऱ्हाइकांना फोन केले. 'तो काळा चौकोन तुम्ही वापरता का?' एवढाच प्रश्न. एक म्हणाले, "तो मुद्दाम केलेला आहे? मला वाटलं मॉनिटर जायला आला." दुसऱ्यांनी कॉम्प्युटरला घातलेला हार नेमका त्या पट्टीवर यायचा, त्यामुळे त्यांनी ती कधी पाहिलीच नव्हती. तिसरे म्हणाले, "काढू नका, पण लाल करा. काळा रंग बरा दिसत नाही दुकानात." बाकीच्यांनी भिंतीवर खतवाल्याचं कॅलेंडर असल्याचं सांगितलं. अण्णा स्वतः म्हणाले, "ठेवा, नाहीतर काढा. तुमचं मशीन, तुम्ही जाणा. आमचं काय, बघू."

'बघू' हा अण्णांचा लाडका शब्द. नाही म्हणायचं असलं की ते बघू म्हणायचे.

सर म्हणाले, "फोनवर लोक काहीही सांगतात. एक साधी परीक्षा करू. यंदा जानेवारीची फ्लॉपी पाठवू नकोस. चौकोन काळा होणार नाही. ज्याला लागत असेल तो ओरडेल."

"कळवायचं नाही?"

"कळवलं तर भिडेखातर ओरडतील."

मी फ्लॉप्या भरल्या नाहीत. पंचांगही विकत आणलं नाही. जानेवारीची अमावास्या गेली, फोन नाही. फेब्रुवारीची गेली, फोन नाही. मार्चची गेल्यावर सरांनी यादी मागवली, एकोणिसाव्या ओळीवर रेघ मारली आणि माझी सही घेतली. मी आनंदाने केली. त्रेचाळीसपैकी सतरा ओळी अशाच गेल्या होत्या. आमचं विंडोज व्हर्जन सडपातळ होत चाललं होतं आणि सरांचा चेहरा रोज थोडा उजळत होता.

एप्रिलमध्ये अण्णांकडून तक्रार आली. पावतीवरच्या ओळी तिरक्या छापल्या जात होत्या. मी देवळ्याला गेले. उन्हाळ कांद्याचा हंगाम, रस्त्याला ट्रॅक्टरच ट्रॅक्टर. खळ्यावर पोचायला मला पावणेतीन वाजले.

अण्णांच्या ऑफिसात कॉम्प्युटरवर शोभा बसायची. बी.कॉम. झालेली, अण्णांच्या गावातली, कमी बोलणारी पण डोळे चौकस. सॉफ्टवेअर विकत घेतलं अण्णांनी, पण चालवलं ते शोभानेच. अण्णा फक्त पाहुण्यांना दाखवायचे. ते त्या वेळी बाहेर कुठेतरी गेले होते.

प्रिंटरमध्ये काय सापडलं ते सांगायला नको. ते टरफल मी कचऱ्यात टाकत होते, तेवढ्यात खिडकीशी एक माणूस येऊन उभा राहिला. चाळिशीचा, डोक्याला फडकं, अंगावर कांद्याची धूळ. मॉनिटर खिडकीकडे थोडा वळवून ठेवलेला होता, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं.

"शोभाताई, काळं हाय का उद्याचं?"

शोभाने स्क्रीनकडे पाहिलंही नाही. "नाही रे काशिराम."

"मंग आवस नाय म्हणायची का उद्या?"

"अमावास्या आहे. पण मशीनमध्ये काळं नाही."

त्याने डोक्याचं फडकं सारखं केलं. मग माझ्याकडे बघून, ओळख नसताना, कसंनुसं हसला आणि निघून गेला.

"हा कोण?" मी विचारलं.

"मुकादम आहे, मॅडम. इथली गोण्या भरणारी टोळी त्याची. अठरा जण आहेत, सुरगाण्याकडचे. भाताचं काम संपलं की येतात, पावसाआधी जातात."

"तो चौकोन कशाला विचारतो?"

शोभाने माझ्याकडे असं पाहिलं की मला माझा प्रश्न मूर्खपणाचा वाटायला लागला.

मग तिने सांगितलं. या लोकांना हंगामात सुट्टी एकच, अमावास्येची. लिलाव बंद म्हणून काम बंद. आदल्या दिवशी साडेचारची एस.टी. पकडायची, रात्री घरी, दुसरा दिवस घरी, तिसऱ्या दिवशी पहाटेच्या गाडीने परत. पण लिलाव बंद असला तरी खळ्यावर आधीचा कांदा पडलेला असतोच. तो भरता येतो. अण्णांच्या मनात यायचं की दोन गाड्या भरून घेऊ. मग ते म्हणायचे, बघू. बघू बघू करता साडेचारची गाडी जायची.

"मी इथे कामाला लागले तेव्हा भांडणं व्हायची यावर," शोभा म्हणाली. "ह्यांनी आकाशाकडे बोट दाखवायचं, अण्णांनी म्हणायचं, ते तुमचं सुरगाण्याचं आकाश. कॅलेंडर दाखवलं तर म्हणायचे, ते मुंबईचं आहे. मग तुमचा चौकोन आला. अण्णा तर सगळ्यांना सांगून बसलेले, कॉम्प्युटर चुकत नाही. काशिरामने एक दिवस खिडकीतून बोट दाखवलं. अण्णा, मशीन म्हणतं आवस. अण्णा गप्प. तेव्हापासून काळं दिसलं की सुट्टी, असंच ठरून गेलं."

"आणि जानेवारीपासून?"

"जानेवारीपासून काळं नाही." शोभाने रजिस्टर पुढे ओढलं. "तीन वेळा गेले नाहीत घरी. चौथी उद्या. त्यांना वाटतं अण्णांनीच सांगून मशीनमधून सुट्टी काढून घेतली."

मी स्क्रू-ड्रायव्हर खाली ठेवला. सुट्टी काढून घेतली होती ती मी. पंचांग न आणून. आणि वर सही करून.

"मग फोन का नाही केलास मला?"

शोभाने मान वळवून कोपऱ्यात बघितलं. तिथे अण्णांच्या टेबलावर फोन होता. लाकडी पेटीत. पेटीला कुलूप. किल्ली अण्णांच्या खिशात.

"मी म्हटलं होतं अण्णांना, नाशिकला फोन लावू का. ते म्हणाले, कशाला त्यांना त्रास, नवीन व्हर्जन येतंच आहे."

मी बाहेर आले. शेडच्या सावलीत काशिराम गोणी शिवत बसला होता. सुया भराभर चालत होत्या. बायका कांदा निवडत होत्या. मी त्याला म्हटलं, मी हे मशीनचं काम करते. त्याने हात थांबवला.

"तुम्ही केलं का ते काळं?"

"हो."

"बंद का पडलं?"

याचं उत्तर मला मराठीत देता येईना, आणि इंग्रजीत जे होतं ते तिथे सांगण्यासारखं नव्हतं. मी म्हटलं, "आमची चूक झाली. घरी कोण आहे तुमच्या?"

"आई हाय. पोरगी आश्रमशाळेत हाय, वाटेवरच. आवसेला जातानी भेटतो तिला. खाऊ देतो." तो पुन्हा सुई चालवायला लागला. "तीन आवसा गेल्या. परवा गावचा माणूस भेटून आला तिला. म्हणला, बापाचं नाव काढलं की तोंड फिरवती. नऊ वर्साची हाय. तिला काय सांगायचं, मशीनमधी काळं आलं नाय म्हणून?"

घड्याळात सव्वातीन झाले होते.

समोरच्या पीसीओवरून मी बाजार समितीला फोन लावला. या वेळी क्लार्कने पुढल्या आठवड्यात करा असं म्हटलं नाही. उद्या लिलाव बंद. मी परत आले, शोभाला खुर्चीवरून उठवलं आणि तारखांची फाइल उघडली. रिकामीच होती. माझ्याच कृपेने. उद्याची तारीख टाकली. फाइल बंद केली, प्रोग्रॅम सुरू केला.

पट्टीतला दुसरा चौकोन काळा झाला.

हे करताना मनात एक शंका होती, ती लपवत नाही. मी प्रोग्रॅमर. एका व्यापाऱ्याच्या खळ्यावर कोणी कधी सुट्टी घ्यावी हे ठरवणारी मी कोण? पण तीन महिने तेच तर मी ठरवत होते, फक्त मला त्याचा पत्ता नव्हता.

शोभाने खिडकीतून हाक मारली, "काशिराम! बघ रे."

तो आला, त्याच्यामागे आणखी चारपाच जण. काशिरामने चौकोनाकडे बोट केलं आणि मागच्यांना दाखवलं. तेवढ्यात अण्णा आले. टॉवेलने मान पुसत, नेहमीसारखे दारातूनच मोठ्याने.

"या मॅडम! बरं शे ना? झाला का प्रिंटर?"

"झाला अण्णा."

"अण्णा, काळं आलं," खिडकीतून काशिराम म्हणाला.

अण्णा वळले. मॉनिटरकडे पाहिलं. जवळ जाऊन पाहिलं. काचेवर बोट घासून पाहिलं, म्हणजे डाग असेल तर निघेल.

"सकाळी नव्हतं हे!"

"आमची फ्लॉपी राहिली होती पाठवायची," मी म्हटलं. "आत्ता तारीख टाकली. समितीला विचारून."

"अहो पण उद्या दोन गाड्या भरायच्यात मला. पार्टी बसून आहे तिकडे." मग खिडकीकडे बघून, "बघू. पाच वाजता सांगतो."

साडेचारची गाडी, आणि पाच वाजता सांगतो. काशिराम जागचा हलला नाही. शोभाने रजिस्टरमधून मान वर न करता, अगदी सहज आवाजात म्हटलं, "अण्णा, तुम्हीच म्हणता ना, कॉम्प्युटर कधी चुकत नाही म्हणून."

अण्णांनी माठातलं पाणी घेतलं. सावकाश प्यायले. त्यांच्यापुढे दोन वाटा होत्या. काळा चौकोन चुकीचा ठरवायचा, म्हणजे सात वर्षं गावाला ऐकवलेलं वाक्य मागे घ्यायचं, तेही मी समोर उभी असताना. किंवा दोन गाड्या एक दिवस थांबवायच्या. मी त्यांना सात वर्षं ओळखत होते. कुठली वाट घेतील याची मला खात्री होती, तरी मी घड्याळाकडे पाहिलं.

"जा बाबा," अण्णा म्हणाले. "पण परवा सकाळी हजर पाहिजेत सगळे. अठराच्या अठरा!"

दहा मिनिटांत शेड रिकामी झाली. काशिराम जाताना खिडकीशी थांबला आणि शोभाला म्हणाला, "पुढचं बी टाकून ठेवा म्हणावं." मी आत उभी होते, तरी म्हणावं. मला त्याचा राग आला नाही.

मी मात्र त्या दिवशी पुढचं टाकलं नाही. पंचांग कुठे होतं जवळ?

दुसऱ्या दिवशी बर्वे सरांसमोर मी एकोणिसावी ओळ परत मांडली. सरांनी सगळं ऐकून घेतलं. मध्ये एकदाही बोलले नाहीत, हे वाईट लक्षण होतं.

"हा काशिराम आपला कस्टमर आहे?"

"नाही."

"त्याने कधी कीबोर्डला हात लावलाय?"

"नाही सर. तो खिडकीबाहेर असतो."

"म्हणजे रकान्यात काय लिहू? कोण वापरतं: खिडकीबाहेरचा माणूस?"

"लिहा ना."

सर उठून खिडकीशी गेले. "एक करू. तारखा आपण कशाला भरायच्या? एक छोटी स्क्रीन देऊ. शोभा समितीला विचारून स्वतः भरेल. आपला त्रास शून्य."

कल्पना चांगली होती. इतर कुठल्याही सोयीसाठी मी ती लगेच उचलली असती. "सर, शोभाने भरलं तर अण्णा शोभाला म्हणतील, काढ. तिला काढावं लागेल, ती त्यांची नोकर आहे. तो चौकोन नाशिकहून येतो म्हणूनच अण्णा त्याला मानतात."

"म्हणजे आपण तिथे नाही, हाच आपला उपयोग."

"हो."

सरांनी खाली रस्त्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "ओझरला आमच्याकडे एक वॉशर होता. वर्षानुवर्षं कोणी मागायला आलं नाही. मी तो काढून टाकायला सांगितला. मग कळलं, रात्रपाळीचे लोक न लिहिता घेऊन जायचे." ते खुर्चीत येऊन बसले. "वर्षाला किती वेळ जातो तुझा यात?"

"अर्धा दिवस. आणि समितीला तीनचार फोन."

"आणि विंडोजमध्ये नव्याने लिहायला?"

"वीस मिनिटं," मी म्हटलं. "मागच्या वेळीही तेवढीच लागली होती."

"तेच म्हणतो मी. वीस मिनिटांची कामं महाग असतात." त्यांनी रबर घेतला आणि एकोणिसाव्या ओळीवरची रेघ खोडायला लागले. ती पेनने मारलेली होती. खोडली गेली नाही. शेवटी त्यांनी खाली नवी चव्वेचाळिसावी ओळ लिहिली आणि जबाबदारीच्या जागी माझं नाव टाकलं. "पण परीक्षा परीक्षाच. नव्या व्हर्जनमध्ये एक वर्ष ठेव. वर्षभरात एकाही कस्टमरचा याबद्दल फोन आला नाही, तर पुढच्या वर्षी काढणार. खिडकीबाहेरचा धरायचा नाही. कस्टमरचा फोन."

त्याच आठवड्यात उरलेल्या तारखांच्या नऊ फ्लॉप्या गेल्या. पंचांगवाला म्हणाला, "एप्रिलात पंचांग कोण घेतं, बाई?"

दिवाळीनंतर मी विंडोज व्हर्जन बसवायला देवळ्याला गेले. भाताची कामं आटोपून टोळी नुकतीच आली होती. नवा मॉनिटर मोठा होता. शोभाने तो टेबलावर ठेवल्या ठेवल्या खिडकीकडे वळवला, मग मला वायर जोडू दिली. काशिराम येऊन बाहेर उभा राहिला.

"या मशीनमधी बी हाय ना काळं?"

"आहे."

"बेस." मग थोड्या वेळाने, मी काही विचारलं नसताना, "बोलती आता पोरगी. लय बोलती."

मला बरं वाटलं. इतकं बरं मला कुठल्याही मोठ्या सॉफ्टवेअरनंतर वाटलेलं नाही, आणि पुढे मी बरीच मोठी केली. कोणी विचारलं की आयुष्यात सगळ्यात उपयोगी काय लिहिलंस, तर मी तेरा तारखा असं सांगते. लोकांना ती थट्टा वाटते. तेव्हापासून एखादी सोय कोणी वापरत नाही असं कोणी म्हटलं की मी आधी विचारते, ज्यांना विचारलं त्यांच्या टेबलावरच फोन होता का?

पण सरांची अट डोक्यावर होतीच. अण्णांची टोळी आम्हाला फोन करणार नव्हती, शोभा करू शकत नव्हती, बाकी आठ गिऱ्हाइकांना अमावास्येशी देणंघेणं नव्हतं. नवीन वर्ष लागलं, दोन अमावास्या गेल्या. सर काही म्हणायचे नाहीत, पण चव्वेचाळिसाव्या ओळीकडे बघून चहा मागवायचे.

तिसऱ्या अमावास्येच्या आदल्या दुपारी फोन वाजला. मी उचलला.

"मॅडम, अण्णा बोलतोय. देवळ्याहून."

"बोला अण्णा."

"काय नाही, मशीन मस्त चाललंय. एकच तक्रार." आवाज खाली आला. मला कळलं की शोभा तिथेच बसलेली असणार. "ते काळं. ते परत आलंय नव्या मशीनमधी. इथे दोन गाड्या उभ्यात माझ्या. ते काढता येतं का?"

मी समोर पाहिलं. सरांनी पेपर खाली केला होता.

"काढता येतं की," मी म्हटलं. "पण त्याला नवीन व्हर्जन लागेल."

"मग कधी काढता नवीन व्हर्जन?"

"बघू," मी म्हटलं.

पलीकडे अण्णा खो खो हसले आणि त्यांनी फोन ठेवला. पेटीचं झाकण लावल्याचा आवाजही ऐकू आला.

"कोण होतं?" सरांनी विचारलं.

"अण्णा. त्या चौकोनाबद्दल. तक्रार आहे."

"कस्टमरचा फोन," सर म्हणाले. त्यांनी यादी पुढे ओढली आणि चव्वेचाळिसाव्या ओळीपुढे लिहिलं, 'वापरात आहे.'